बनूबाईचा पाला

बदलापूरहून बारवीच्या रस्त्याला लागलं की पुढे एका चढावर ठाकूरवाडी लागते. तिथल्या बनूबाईचं नाव पार उल्हासनगरपर्यंत माहीत होतं, ते काविळीमुळे. रविवारी सकाळी तिच्या अंगणात माणसं बसलेली असायची. आनंदनगरच्या कंपन्यांमधले कामगार, बेलवलीच्या बायका, उल्हासनगरचे दुकानदार, सगळे डोळ्यांनी पिवळे आणि तोंडानं उतरलेले. बनूबाई पाला द्यायची, ताकातून. बदल्यात एक नारळ घ्यायची, दुसरं काही नाही. पाला कसला, ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं तिच्या बापानं तिला बजावलं होतं.

संजीवनी तिची सून. लग्न होऊन आली त्या पावसाळ्यापासून रविवारचं वाटायचं काम तिच्याकडे आलं. सासू पहाटे एकटीच डोंगरात जायची, पाला पदरात झाकून आणायची, आतल्या खोलीत दार लोटून बारीक चिरायची, आणि मग तो हिरवा चुरा पाट्यावर सुनेपुढे ठेवायची. संजीवनी वाटायची. सासू उंबऱ्यावर बसून एकेकाला प्रश्न विचारायची, ते तिच्या कानावर पडत राहायचे. लघवीचा रंग कसा? शौचाला पांढरं होतं का? अंगाला खाज? थंडी वाजून ताप येतो का? दिवसा झोप आणि रात्री टक्क जागा, असं होतं का? यातल्या कशालाही कुणी हो म्हटलं की बनूबाई म्हणायची, "तुला माझा पाला चालायचा नाय. दवाखाना गाठ." माणसं रागवायची, एवढ्या लांबून आलो म्हणायची. ती दुसऱ्याकडे वळायची.

सासू गेली ती चैत्रात. लाकूडफाट्याची मोळी घेऊन उतरत होती, वाटेत दम खायला बसली आणि तिथेच कलंडली. तोंडातून शब्द निघाला नाही. पाल्याचं नाव ती सोबत घेऊन गेली, असं सगळी वाडी म्हणाली.

दिवस झाले आणि पहिल्याच रविवारी रिक्षा आल्या. संजीवनीनं सांगितलं, "म्हातारी वारली. औषध मला ठावं नाय." माणसांना ते पटेना. इतकी वर्षं वाटलं ते हातानं, आणि ठाऊक नाही कसं? एक बाई तर म्हणाली, "सासू गेली तशी सून मोठी झाली." संजीवनीला ते लागलं.

वास मात्र तिला पाठ होता. पावसानं भिजलेल्या मातीत उगवणाऱ्या एखाद्या झुडपाचा असतो तसा उग्र, वर किंचित आंबट. एका सकाळी कुणाला न सांगता ती डोंगरात गेली. पानं चुरगाळायची, हुंगायची, टाकून द्यायची. ओढ्याच्या काठाला एका वेलीचा वास जवळचा वाटला. तिनं एक पान चावलं. क्षणभर काही नाही, मग जीभ बधिर झाली, घशाखाली आग उतरली. ती ओढ्यात वाकून चुळा भरत राहिली, पोटात होतं नव्हतं ते पडलं. ओठ सुजून आले. दगडावर बसून थरथर थांबायची वाट बघताना तिच्या मनात एकच गोष्ट आली: हेच पान मी कुणाच्या लेकराला वाटून दिलं असतं.

संध्याकाळी नवरा कंपनीतून आला. हिरामण, कंत्राटावर माल भरायच्या कामाला होता. तिचं तोंड बघून घाबरला, मग सगळं ऐकून म्हणाला, "एवढं कशाला करतेस? भुईआवळी देत जा ना. काविळीला सगळेच तीच देतात. बाधत नाय कुणाला."

"आणि म्हातारीचं औषध म्हणून देऊ?"

"लोक बरे होतात ना? ते आले कशाला, बरं वाटायला."

"खोटं नाव लावून नाय द्यायची मी," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

तरी माणसं येतच राहिली. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले कापडवाले आसनदास सेठ तर उठेचनात. पुतण्याला घेऊन आले होते, पोरगा पिवळाधमक. "बाई, नाराज मत हो. तुमच्या सासूनं माझ्या भावाला बरं केलं होतं. थोडा तो दे दो."

"सेठ, नाही माझ्याजवळ. असतं तर दिलं नसतं का?"

सेठ तिथेच बसून राहिले. ऊन चढलं. संजीवनीला त्या पोराची दया आली. तिनं दोघांना भाताची पेज दिली, आणि बसल्या बसल्या तोंडात आलं म्हणून सासूचे प्रश्न विचारले. पोराला त्यातलं काही नव्हतं. मग तिनं सासू सांगायची तेच पथ्य सांगितलं: तेल-तूप बंद, दारू तर नावही नको, पेज, ताक, विश्रांती. रक्त तपासून घ्या, उलट्या वाढल्या तर थांबू नका. पोरगा काही आठवड्यांनी बरा झाला. काविळीतली बरीच माणसं आपसूक बरी होतात, हे सेठना कोण सांगणार? ते नारळ आणि मिठाई घेऊन परत आले. "औषध नाही म्हणाली, आणि पेजेतून दिलं!" असं त्यांनी सगळ्या बाजारात सांगितलं. संजीवनी नाही नाही म्हणत राहिली. पुढच्या रविवारी पेज मागणारी माणसं जास्तच आली.

भादव्यात एका दुपारी तिची नणंद माया आली. वांगणीच्या पलीकडच्या वाडीत दिलेली, येणंजाणं सणासुदीपुरतं. ती पाणी प्यायलाही बसली नाही. "वहिनी, देवूला कावीळ झालीय. पाला देतेय त्याला, आईचाच. उतरतच नाय."

देवू तिचा नवरा. पण संजीवनीच्या कानात एकच शब्द राहिला. "आईचाच?"

माया खाली बघायला लागली. "लग्नाआधी आईनं डोंगरात नेऊन दाखवला होता. म्हणाली, लेकीकडे राहू दे. कुणाजवळ बोलू नको म्हणून शपथ घातली. वहिनी, मला वाटलं तुलाही सांगितलं असेल."

संजीवनीनं तिच्याकडे पाहिलं. मग सासूच्या पाट्यावर इतकी वर्षं घासलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. घरातल्या सुनेला नाही, आणि परक्या घरी गेलेल्या लेकीला सांगितलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पाला देण्याआधी तू त्याला काय विचारलंस?"

"काय विचारायचं?"

मायाकडे पान होतं, प्रश्न नव्हते. सासूनं ते तिला दिलेच नव्हते, किंवा द्यायचे राहून गेले. संजीवनीनं एकेक विचारलं. शौचाला? पांढरं, चुन्यासारखं. अंगाला? रात्रभर खाजवतो. ताप? थंडी वाजून येतो, गोधडीखाली हुडहुडतो.

"म्हातारी असती तर अंगणातूनच परत धाडलं असतं," संजीवनी म्हणाली. "पाला बंद कर. चल."

हिरामण कामावर होता. दोघी बायांनी वाडीतल्या एकाची पिकअप मिळवली, मायाच्या घरून देवूला मागे आडवं घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासात पित्ताच्या नळीत खडा अडकलेला निघाला, आत पू झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच खडा काढायला लागेल. पाल्याचं विचारलं तेव्हा मायानं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी इकडे या." दुर्बीण घालून खडा काढला. देवू घरी आला तो हाडांचा सापळा होऊन, पण डोळे पांढरे घेऊन.

दिवाळी झाल्यावर माया पुन्हा आली. "चल वहिनी, दाखवते तुला. आईच्या शपथेचं मी बघून घेईन."

हिरामणला संजीवनीनं तेव्हाच विचारलं होतं, "मायाला सांगितल्याचं तुला ठावं होतं का?" तो नाही म्हणाला होता, आणि तिनं विश्वास ठेवला होता. सासूचा राग मात्र गेला नव्हता. कधी चुलीपुढे बसल्यावर यायचा, कधी नळावर.

"नको," ती म्हणाली. "तिनं मला द्यायचा तेव्हा दिला नाय. आता तिच्या मागे चोरून कशाला घेऊ? तूच येत जा. मी विचारीन, तू दे. मी नाही म्हटलं तर द्यायचा नाय. पटतंय?"

"पटतंय," माया म्हणाली.

थोडे महिने तसं चाललं. माया रविवारी पाला पदरात झाकून आणायची, चिरायची, वाटायची संजीवनीच. रक्ताचा रिपोर्ट आणल्याशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. त्यावरून अंगणात भांडणं झाली. काही माणसं उठून दुसऱ्या वाडीतल्या औषधवाल्याकडे गेली. मग देवूला जड काम झेपेना, मायानं एका फार्महाऊसवर नोकरी धरली, आणि रविवार तिच्या हातातून गेला. आता ती जमेल तेव्हा येते, म्हणजे क्वचितच.

रिक्षा अजून येतात, आधीपेक्षा कमी. परवा पालेगावच्या नव्या टॉवरमधली तेजस्वी नावाची एक मुलगी आली. मोबाईलमध्ये रिपोर्ट, बरोबर घाबरलेली आई. संजीवनीनं नेहमीचे प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि पथ्य सांगितलं.

"आणि औषध?" आईनं विचारलं.

"औषध आज नाय. मला येत नाय ते."

"मग आम्ही एवढ्या लांब आलो कशाला?"

"ते तुम्हीच ठरवा," संजीवनी म्हणाली. तिनं दोघींना ताक दिलं, उलटी थांबली नाही तर कुठे जायचं ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्या उतरून गेल्यावर ती नाचणी कापायला वरच्या शेतावर निघून गेली.