काचेआडची पुस्तकं

डोंगरातल्या त्या शाळेत तिसरीतली एक मुलगी मान वाकडी करून, कुलूपबंद कपाटाच्या काचेतून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत होती. ही गोष्टींची पुस्तकं आमच्याच परदेशी बालसंस्थेनं पाठवलेली. मी त्या संस्थेतली शिक्षणतज्ज्ञ.

“यातलं कुठलं वाचलंस?”

“एकपण नाही. नावं सगळी पाठ आहेत.”

मी वैतागून गुरुजींना विचारलं, “मुलांच्या हातात का देत नाही?”

“फाटली तर, मॅडम? तुमच्या फॉर्मात विचारतात ना, पुस्तकं सुस्थितीत आहेत का. आम्ही दर वेळी ‘हो’ लिहितो.”

तो प्रश्न मीच कचेरीत बसून घातला होता. वाचलेलं पुस्तक मळतं, त्याचे कोपरे दुमडतात, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी किल्ली मागितली. ती मुख्याध्यापकांच्या खिशात होती, आणि मुख्याध्यापक तालुक्याला, आमच्याच प्रशिक्षणाला गेले होते.