झेंडूच्या हारांचा निर्देशांक

चहा घ्या आधी, हसायचं ते नंतर. माझ्या हातून मूर्खपणा तसा नियमित होतो, पण सरकारी शिक्का लागून, रीतसर मंजूर होऊन आलेला हा एकच. त्यामुळे त्याचा मान मोठा!

मी कणकवलीला तंत्रनिकेतनात यंत्रशाखा शिकवतो. मोजणं हा माझा स्वभाव. फोडणीतली मोहरी तडतडायला किती वेळ लागतो तेही मी घरी मोजलेलं आहे. तेव्हापासून बायकोने मला स्वयंपाकघराबाहेर बसवलंय, तो भाग वेगळा.

तर एका कार्यालयाने आमच्याकडे काम दिलं. कुठल्या, ते विचारू नका, माणसं चांगली आहेत. जिल्ह्यातल्या छोट्या काजू कारखान्यांत नवं तंत्रज्ञान किती रुजलं ते मोजायचं होतं. त्यावरून ठरणार होतं, की यंदा सगळ्या महिला गटांना कुठलं यंत्र द्यायचं. एकच प्रकार, सगळ्यांना सारखा.

पहिला गेलो पिंगुळीच्या पलीकडच्या एका वाडीत, सुमतीकाकींच्या गटाकडे. पडवीत बायका बसून पायाने चालवायच्या कटरवर काजू फोडत होत्या. कोपऱ्यात जुना ड्रायर धापा टाकत होता. मी कागद काढून विचारलं, "काकी, किती नवी यंत्रं आली तुमच्याकडे?"

"ता मोजून आमका काय उपयोग?" काकी म्हणाल्या. "मशिनी इल्यो किती ता कळान काय करू? खयची चलता आनि खयची नाय, ता सांगा. हो ड्रायर मरूक टेकलो हा, सर. दमट दिवसांत गर पिवळो पडता, व्यापारी घेणत नाय. यंदा ड्रायर नाय गावलो तर गट बंद."

मी भारावलो. खरंच की! आजवर सगळ्यांनी यंत्रं मोजली, वापर कोणी मोजला? हातात काम असलेल्या माणसाला उपयोगी पडेल असं माप शोधायचं, असा मी तिथल्या तिथे निश्चय केला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, सरळ विचारायचं! आपल्याकडे? फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल? यंत्र सुरू होत नसलं तरी आपला माणूस म्हणतो, "बरी आसा." पुढची वस्तू यायची बंद व्हायला नको ना! तेव्हा विचारायचं नाही, गुपचूप बघायचं, असं मी ठरवलं. इथवर माझं डोकं शाबूत होतं, याची नोंद घ्यावी.

नेमका दसरा होऊन गेला होता. दसऱ्याला आपण काय करतो? विळ्या-कोयत्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याची पूजा. हळद, कुंकू, झेंडूचा हार. आणि मला साक्षात्कार झाला. ज्या यंत्रावर जीव, त्यावरचा हार जपलेला असणार! हार म्हणजे आस्था, आस्था म्हणजे वापर. हार शाबूत तर पूर्ण गुण, तुटका तर अर्धे, हार नाही तर शून्य. याला मी नाव दिलं 'आस्था निर्देशांक'. नाव सुचल्यावर मी स्वतःच दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं.

लोकांच्या कामात व्यत्यय नको, म्हणून मी कारखाने बघायला मुद्दाम सुट्टीच्या दिवशी जायचो. हा माझा सभ्यपणा. तोच मला नडला.

प्रत्येक ठिकाणी तेच दिसायचं. पायाच्या कटरवर हाराचा पत्ता नाही, कुंकूसुद्धा पुसलेलं. शून्य! मला त्याची दयाच आली. ड्रायरच्या कडीला नुसता दोरा. त्याला उदार मनाने अर्धा गुण दिला. आणि मध्यंतरी कुठल्याशा योजनेतून आलेलं काजू फोडायचं स्वयंचलित यंत्र? त्याचा थाट काय वर्णावा! टपोरा हार, आंब्याची पानं, हळदकुंकू जसंच्या तसं, समोर नारळ. एका ठिकाणी तर पुढ्यात रांगोळीसुद्धा शाबूत होती. पूर्ण गुण!

इतकी सुरेख रांगोळी पायाखाली कशी गेली नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मी गुण मांडत होतो.

कार्यालयात मी पडद्यावर आलेख दाखवला. साहेब खूश झाले. "सर, आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक अहवालात 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' असायचं. तुमचा पहिलाच, जो एकाच दिशेला बोट दाखवतो!"

बोट दाखवलं, ते खरंच होतं. स्वयंचलित यंत्र सगळ्या गटांना मंजूर झालं.

सुमतीकाकींच्या पडवीत यंत्र उतरलं त्या दिवशी समारंभ होता. कार्यालयाने मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर माझा हसरा फोटो आणि खाली 'आस्था निर्देशांकाचे जनक'. शेजारच्या तातूंनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही नवी मशिन आज दारात इली हा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी.

नारळ फुटला, हार चढला. मी म्हणालो, "चला काकी, करा सुरू!"

कोणी हलेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकींनी माझ्यामागे नजर टाकली, टेम्पो रिकामा होता.

"सर, ड्रायर मागसून येतलो?"

"ड्रायर नाही काकी. हेच यंत्र! तुमच्याकडे एक आहेच, आता दुसरं. तुमचं सगळ्यांत आवडतं!"

"आमचा?"

आता मला राहवेना. मी स्वतः बटण दाबलं. यंत्र गरजलं. पट्ट्याने आधी हार आत ओढला, मग आंब्याची पानं, मग काकींनी घाबरून ओतलेल्या बिया. दुसऱ्या टोकाने झेंडू, काजूचा चुरा आणि टरफलं असं काहीतरी बाहेर पडलं, ज्याला बाजारात अजून नाव नाही.

काकींनी धावत येऊन बटण बंद केलं. "हार काढल्याशिवाय खयची मशिन चालू करतत ओ? चलता तिचो हार आमी दुसऱ्या दिवशी सकाळीच काढून तुळशीत घालतंव! नाय तर असोच अडाकता!"

"आणि... ज्याचा हार काढत नाहीत ते?"

"जिचा कोण तोंड बगणा नाय, तिचो हार कोण कित्याक काढतलो?"

सांगतो तुम्हाला, जमीन दुभंगली असती तर मी लगेच आत गेलो असतो, खोलीसुद्धा मोजली नसती. अख्ख्या जिल्ह्यात जे जे निकामी, नेमकं तेच मी निवडून, गुण देऊन, दारोदार पोचतं केलं होतं! आणि ज्या बाईने मला चांगलं माप शोधायला लावलं, तिचाच ड्रायर त्या मापाने बुडवला. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे धावलो. म्हटलं, "साहेब, निर्देशांक उलटा वाचायचा होता!"

साहेब थंडपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी उलटा वाचू."

ड्रायरसाठी मी बरीच दारं ठोठावली. सगळीकडे माझाच अहवाल दाखवून मला परत पाठवलं. शेवटी आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून एक ड्रायर बनवायला घेतला आणि तोंड लपवत काकींना तसं सांगायला गेलो. गट बंद झाला असेल, या धास्तीने फाटकाशीच थबकलो.

पण खळ्यात बायका उन्हात बसल्या होत्या. गर वाळत घातले होते. कशावर? माझ्या फ्लेक्सवर! अंगणभर मी पसरलो होतो.

"फोटो खाली घालायचा होता काकी," मी म्हटलं.

"उलटी बाजू खरखरीत आसा, गर घासता. आनि खरा सांगू? तुमचा तोंड वर केल्यापासून कावळे फिरकणत नाय."

काकींनी माझ्याकडे पाट सरकवला.

"बसा. आनि बसल्या बसल्या तुमच्या कपाळावरचे गर जरा परता. थंय जागा मोठी आसा आनि मदी काय आड येणा नाय, म्हणान बेगीन सुकतत."