मोर, शेठ आणि सव्वा किलोचा लॅपटॉप

आमच्या घरातला टॅब्लेट मी एका स्वप्नाच्या बदल्यात देऊन टाकला.

स्वप्न असं होतं: सोलापुरातली संध्याकाळ, दिवसभर तापलेली गच्ची पाणी मारून गार केलेली, मी खाटेवर मांडी घालून बसलोय, मांडीवर हलकाफुलका लॅपटॉप, आणि बोटांतून कादंबरी नुसती वाहतेय. (कशावरची कादंबरी, ते स्वप्नात कधीच कळलं नाही. तोवर डोळा लागायचा.) कचेरीत जावक रजिस्टर लिहिणाऱ्या माणसानं एवढं स्वप्न बघायला हरकत नसावी. टॅब्लेटवर कादंबरी लिहिता येत नाही, एवढ्या एकाच कारणानं ती वीस वर्षं अडून राहिली होती. (टॅब्लेट घरात येऊन चारच वर्षं झाली होती, पण तो मुद्दा वेगळा!)

अडचण एवढीच, की टॅब्लेट माझा नव्हता. तो शैलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा होता. तिच्या भावाचे भवानी पेठेत यंत्रमाग आहेत आणि चादरींच्या नक्ष्या शैला टॅब्लेटवर बोटानं काढून देते. इतकी वर्षं तिनं जुनीच कमळं इकडची तिकडं करून दिली. यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःचा मोर काढायचा होता. मोर अजून तिच्या डोक्यात होता, आणि शनिवारी बार्शीचे चादरी घाऊक घेणारे शेठ तो बघायला येणार होते. पसंत पडला तर मागावर चढणार, नाहीतर पुन्हा कमळं.

"अहो, पण ह्या लॅपटॉपवर मोर निघंल का?" तिनं दुकानातच विचारलं.

"मोर? अगं, माळढोकसुद्धा निघेल!"

दुकानदार म्हणाला, "साहेब, आठवडाभर वापरून बघा. नाही पटला तर आणून द्या, तुमचा टॅब्लेट परत. फक्त मोडतोड नको." मी तरंगतच बाहेर पडलो. वाटेत वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितला. सव्वा किलो! आमच्या घरात एवढी शेंगाचटणी महिन्याला संपते.

पहिला दणका आईला बसला. आई दुपारी उताणी पडून, टॅब्लेट छातीवर उभा धरून कीर्तन ऐकते. तिनं त्याच भरवशावर लॅपटॉप छातीवर घेतला. बुवांनी निरूपणाला तोंड उघडलं आणि झाकण आईच्या नाकावर आपटलं.

"अरे, ह्यो चावतोय की रं!"

मग तिनं तो मांडीवर घेऊन मोडनिंबच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला. झाकण नको तितकं मागं कलल्यामुळं मावशीला दहा मिनिटं फक्त आमचा पंखा दिसत होता. "लई उकडतंय व्हय गं तुमच्याकडं?" मावशीनं काळजीनं विचारलं. "मगापासनं पंखाच दावतीयास!"

संध्याकाळी शैला मोर काढायला बसली. तिनं पडद्यावर बोट फिरवलं. काही उमटलं नाही. बोट पदराला पुसून पुन्हा फिरवलं.

"अहो, हे कायच करंना."

"अगं, ह्याला बोट चालत नाही. स्वस्तातला आहे ना."

"मग आधी का नाही सांगितलं?"

आधी का नाही सांगितलं? कारण मलाही ते आत्ताच कळलं होतं! पण नवऱ्यानं असं कबूल करायचं नसतं. मी म्हणालो, "तू नुसतं सांग, मी माऊसनं काढतो."

तीन संध्याकाळी आम्ही मोर काढला.

"मान वाकवा."

"माझी?"

"मोराची हो!"

पिसाऱ्यापाशी आलो की मला माझी कादंबरी आठवायची. बाहेर माग खटाखट चालू असायचे, त्या तालावर पापण्या जड व्हायच्या आणि मी हलकेच कुठंतरी निघून जायचो. परत यायचो तेव्हा मोराच्या पोटातून शेजारच्या किनारीपर्यंत एक लांबच लांब रेघ गेलेली असायची. शुक्रवारी शैलानं तयार पक्षी बराच वेळ निरखला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी दाखवायचं होतं हो मला. आणि ही कोंबडी दाखवू?"

मला फार वाईट वाटलं. स्वप्न गेलं खड्ड्यात! उद्या दुकान उघडलं की लॅपटॉप परत, टॅब्लेट घरी, असं मी आईच्या देखत कबूल केलं. शेठ तसेही दुपारी यायचे होते.

शेठ सकाळच्या पहिल्या एसटीनं आले!

चादरीच्या धंद्यात मुरलेला माणूस माल कसा बघतो, हे मला माहीत असायला हवं होतं. तो आधी चादर पूर्ण पसरतो, चारी बाजूंनी फिरून बघतो, आणि मग उलटतो. उलट बाजू साफ, तर माल खरा. शेठ सतरंजीवर बसले, त्यांनी पडद्याकडं बघितलं.

"कोंबडी बरी हाय," ते म्हणाले. "पर ह्ये असं अर्धं दुमडून का दावताय? पसरा की!"

मी "अहो शेठ..." म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि पसरलं.

कट्ट!

पडदा काळा झाला. शेठनी शांतपणे लॅपटॉप उचलला आणि पालथा करून बघितला.

"पाठीमागं तर कायच न्हाय!"

आई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. शेठ पिशवी उचलून उठायला लागले. तेवढ्यात शैला आत गेली आणि भाकरीचं पीठ असलेली परात घेऊन आली. तळव्यानं तिनं पीठ सपाट केलं आणि एक बोट टेकवलं.

बोट मानेवरून उतरलं, पोटाशी वळलं, मागं जाऊन उलगडत गेलं. ज्वारीच्या पिठात एक एक पीस उमलत होतं, उंबऱ्यातून आलेलं ऊन परातीच्या काठावर थांबलं होतं, आणि मी जागेपणी इतकं सुंदर काही कधी बघितलं नव्हतं.

शेठ परातीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मग सवयीनं त्यांनी परात उलटायला हात घातला.

"नको!" आम्ही तिघंही ओरडलो.

"बरं, न्हाई उलटत," शेठ हसले. "ताई, ह्योच मोर पायजे. कवा चढवताय मागावर?"

शैला हसत होती आणि पिठाच्या हातानं डोळे पुसत होती.

दुकानदारानं अर्थातच टॅब्लेट परत दिला नाही. शैलानं मोराच्या कमाईतून नवा घेतला, आणि त्याच्या आसपास फिरकायची मला बंदी आहे. लॅपटॉपच्या पडद्याची आत तुटलेली वायर जोडून मिळाली, पण बिजागरी गेली ती गेलीच. झाकण आता उभं राहत नाही, सपाटच पडतं. हलका लॅपटॉप टॅब्लेटच्या जागी चालतो का, असं कचेरीत कुणी विचारलं की मी जाणकारासारखा सांगतो, "चालतो. फक्त बार्शीहून एक शेठ बोलवावे लागतात."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं शेजारी शेजारी सपाट पडून असतो, लॅपटॉप आणि मी. शैला येता-जाता बघते आणि आईला म्हणते, "त्यातल्या त्यात लॅपटॉप बरा. चार्जिंगला लावला की चालू तरी होतो."