चौथं बटण

मतदान केंद्रातून मी तीन बटणं दाबून बाहेर पडत होतो. दाबायची होती चार.

अगदी दारापर्यंत पोचलो होतो. बोटावरची शाई पुसली जाऊ नये म्हणून हात जरा वर धरलेला, चेहरा लोकशाहीवर उपकार केल्यासारखा. मागून मशीनजवळ बसलेल्या मॅडमचा आवाज आला, "ओ काका, कुठे निघालात? परत या. तुमचं मतदान झालं नाही."

"झालं की," मी म्हणालो.

"मशीन वाजलं का? चार मतं द्यायची असतात. तुम्ही तीनच दिलीत."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे, हे तर आपले मास्तर!" आणि अख्खी रांग हसली.

मी मास्तर नाही. मास्तरीण माझी बायको आहे, पालिकेच्या शाळेत. पण गेले काही आठवडे मी आमच्या नारपोलीच्या गल्लीत पुठ्ठ्याचं मतदान यंत्र घेऊन फिरत होतो, म्हणून ते नाव पडलं. आमच्या प्रभागातून एकदम चार नगरसेवक निवडायचे, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. चार रंगांचे चार कागद, प्रत्येकावर एक बटण, चारही झाली की लांब शिट्टी. मधे इतकी वर्षं पालिकेची निवडणूकच झाली नव्हती की मागच्या वेळी काय केलं होतं ते लोक साफ विसरले होते. बायकोला इलेक्शन ड्युटी लागली, तिचं ट्रेनिंग झालं, ते तिने मला जेवताना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी ते माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटलो. "शिट्टी ऐकल्याशिवाय हलायचं नाही," हे वाक्य मात्र खरोखर माझं. त्यावर लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं.

तर परत आडोशामागे गेलो. चौथा कागद समोर. ज्याला मत द्यायचं त्याचं नाव मला पाठ होतं, चिन्ह पाठ होतं, पण मागे रांग हसत होती, मॅडम "काका, लवकर" म्हणत होत्या आणि चष्म्यावर घामाचा थेंब आला होता. बोट गेलं ते सगळ्यात वरच्या बटणावर. शिट्टी वाजली. लांब, खणखणीत. मग मी चष्मा पुसला आणि वरचं नाव वाचलं.

नाव समोरच्या पॅनलच्या माणसाचं होतं.

एरवी ही गोष्ट मी स्वतःच चार ठिकाणी रंगवून सांगितली असती. एका मताने काय होतं, असं म्हणून टाळीही घेतली असती. पण त्या दिवशी मी मागच्या गल्लीने घरी आलो. कारण या निवडणुकीवर मी आणि माझ्या धाकट्या भावाने आमचा लूमचा कारखाना लावला होता.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. खाली पत्र्याची शेड, त्यात वडिलांनी बसवलेले जुने लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग. मागच्या बाजूला वर दोन घरं, एक माझं, एक भावाचं. आमचं गाव खारबाव, पण वडील लूमच्या नादाने शहरात आले ते इथेच राहिले. लूम चालू असले की आमच्या घरातल्या कपबश्या फळीवर हलक्या थरथरतात. पाहुणे घाबरतात. आम्ही घाबरतो ते थरथर थांबली की.

अलीकडे ती वरचेवर थांबत होती. सुताचे भाव वर, कापडाचे भाव खाली, आणि मधे आम्ही. भाऊ दापोड्याला एका गोदामात सुपरवायझर आहे. तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला विचारलं, तुमची शेड भाड्याने देता का, छोटे टेम्पो आणि पार्सलं ठेवायला. लूम भंगारात काढायचे, शेड रिकामी करून द्यायची. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं.

झालं. नेमकी निवडणूकही त्याच महिन्यात. एका बाजूचं पॅनल म्हणायचं, जुन्या लूमची वीज सवलत राहिलीच पाहिजे, लाखो पोटं त्यावर आहेत. दुसऱ्या बाजूचं पॅनल म्हणायचं, सवलतींवर शहर किती दिवस जगवणार, गोदामं आणा, नवी मशिनरी आणा. सभा चौकात व्हायची आणि तिचा उरलेला भाग आमच्या जेवणाच्या ताटावर.

"दादा," भाऊ म्हणायचा, "सवलतीवर चालणारा धंदा म्हणजे सलाइनवरचा पेशंट. बाटली काढली की खेळ खलास."

"आणि तुझी गोदामं? शटर उघडायला एक माणूस, बंद करायला तोच माणूस. बाकीच्यांनी काय रस्त्यावर उभं राहून खोके मोजायचे?"

"दापोड्याला येऊन बघ तरी. किती पोरं कामाला आहेत."

"बघितलंय. भातशेतीवर काँक्रीट ओतलंय."

"आणि आपण शेतात काय सोनं पिकवत होतो रे?"

माझी बायको वह्या तपासत बसलेली असायची. ती एकदा मान वर न करता म्हणाली, "विजेचा दर पालिका ठरवते का?"

दर पालिका ठरवत नाही. नगरसेवक फार तर गटारावरचं झाकण ठरवतो. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, पण वादात ते कुठे बसत नव्हतं.

मग आम्ही वाद चार मतांच्या पद्धतीवर नेला. मी म्हटलं, "चार मेंबर म्हणजे गटार तुंबलं की चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार. एक वॉर्ड, एक माणूस, एक कॉलर. धरायची झाली तर सोपी."

"एकच माणूस असला की तो गल्लीचा मालक होतो," भाऊ म्हणाला. "चार असले तर एकाने दार लावलं की दुसऱ्याचं वाजवता येतं. आणि निम्म्या बायका तरी येतात."

"बायकांच्या नावावर नवरे येतात."

"हो का?" बायको म्हणाली. "इथे नवऱ्यांच्या नावावर काय काय चालतं, तेही बघतोय आम्ही." माझी भावजय दारात कणकेच्या हाताने उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसली. मला तो टोमणा नीट कळला नाही. टोमणे मला उशिरा कळतात.

पैज त्याच संध्याकाळी लागली. कोण आधी बोललं ते आता दोघंही दुसऱ्यावर ढकलतो. पण ठरलं ते असं, की आपल्या प्रभागात लूमवालं पॅनल आलं तर लूम राहतील, भाऊ पुन्हा विषय काढणार नाही. गोदामवालं आलं तर मी मुकाट्याने शेड रिकामी करून देणार. लोकांनाच ठरवू दे, असं आम्ही मोठ्या उदारपणे म्हणालो. जसं काही लोक आमच्या शेडसाठीच रांगेत उभे राहणार होते.

दुसऱ्या दिवसापासून माझी भूक गेली. प्रचाराची रिक्षा गेली की मी खिडकीत. त्यांच्या सभेला गर्दी दिसली की मी डोकी मोजायला उभा. पुठ्ठ्याचं यंत्र घेऊन मी गल्लीत फिरत होतो ते लोकशाहीसाठी, असं मी सांगत होतो. खरं म्हणजे कोण कुणीकडे आहे याचा अंदाज घेत होतो. कुणी "बघू" म्हटलं की तो त्यांचा, कुणी "तुम्ही सांगाल तसं, मास्तर" म्हटलं की तो तर नक्कीच त्यांचा.

सगळ्यात वाईट वाटलं ते आमच्या कारीगराचं. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. एकदा शिफ्ट संपल्यावर हात पुसत माझ्याजवळ आला.

"सेठ, एक बात पूछनी थी. बाल-बच्चों को गाँव से बुला लूँ? यहीं स्कूल में डालने का है. कारखाना चालू रहेगा ना?"

त्याला कुठून कळलं कोण जाणे. मी खूप विचार करून म्हणालो, "थोडा रुको. रिझल्ट आने दो."

"किसका रिझल्ट, सेठ?"

आता याला काय सांगायचं? की बाबा रे, तुझी मुलं कुठल्या शाळेत जाणार ते आमच्या प्रभागाच्या मतमोजणीत ठरणार आहे? मी म्हटलं, "है एक." तो मान हलवून गेला, आणि मला माझ्या शहाणपणाची पहिल्यांदा भीती वाटली.

मतदानाच्या दिवशी लूम बंद होते, सुट्टी. घरात कपबश्या हलत नव्हत्या. ते चौथं बटण दाबून मी आलो आणि त्या शांततेत बसून राहिलो. शेड रिकामी झाल्यावर घर असंच राहील, असं सारखं मनात येत होतं. बायको ड्युटीवर, दुसऱ्या केंद्रात. भाऊ वरून खाली, खालून वर. "दिलंस ना नीट?" त्याने विचारलं. "मी देणार नाही तर कोण?" मी म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. बायको आदल्या दिवशीच्या ड्युटीने दमून पडली होती, तर सकाळीच तिचा फोन वाजला. तिच्या शाळेतली मैत्रीण. बायको ऐकत होती, मधेच माझ्याकडे बघत होती. फोन ठेवून म्हणाली, "काल हीच होती तुमच्या केंद्रावर. एक गृहस्थ तीन मतं देऊन पळत होते म्हणे. हात वर धरून."

"असतील कुणीतरी."

"आडनाव आपलंच सांगितलं तिने." एवढं बोलून ती परत आडवी झाली. चौथं मत कुणाला दिलं ते तिने विचारलं नाही. मला वाटतं तिने माझ्या तोंडावर वाचलं.

दुपारी भाऊ मोबाइल घेऊन माझ्याकडे येऊन बसला. भावजयही आली, हातात भाजीची परात. ती आमच्याच कारीगरांची भिशी चालवते, म्हणजे खाणावळ. दोन वेळचं जेवण खाली जातं. फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या जागेवर आमचे पुढे. मी पाय हलवायला लागलो. दुसऱ्या जागेवर त्यांचे पुढे. भाऊ पाय हलवायला लागला. तिसऱ्यावर आमची बाई इतकी पुढे निघून गेली की कुणाला सापडेना. राहिली चौथी जागा. तिथे कधी हा पुढे, कधी तो. प्रत्येक फेरीला मला ती लांब शिट्टी ऐकू येत होती.

चौथी जागा त्यांनी घेतली. थोडक्यात घेतली, असं मोबाइलवरचा बातमीवाला म्हणाला. थोडक्यात म्हणजे किती, ते मी ऐकलं नाही. लाइट सकाळपासूनच गेलेली, उठून उगाच खिडकी उघडली.

"म्हणजे दोन तुमचे, दोन आमचे," भाऊ म्हणाला.

"हो."

"मग पैज?"

चारही एकाच बाजूचे येणार, हे आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. चार मतं चार ठिकाणी पडू शकतात, हे मी अख्ख्या गल्लीला पुठ्ठ्यावर दाखवलं होतं, आणि आमच्या दोघांच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं.

मग भाऊ मोबाइल उलटा ठेवत म्हणाला, "एक सांगू दादा? तुमच्या पॅनलमधल्या त्या बाईला मीच मत दिलं. पाणी नव्हतं तेव्हा टँकर तिनेच आणला होता. बटण दाबताना हात तिकडेच गेला."

माझाही हात असाच तुमच्या माणसाकडे गेला होता, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण त्याचा हात टँकर आठवून गेला होता आणि माझा घामाने. मी तोंड मिटलं.

खालून कारीगराचा आवाज आला, "सेठ, लाइट आ गई. चालू करूँ?" भावाने माझ्याकडे बघितलं, मी भावाकडे. आमच्यातलं कुणीच त्याला हो म्हणेना. शेवटी मी म्हटलं, "असं करू, चिठ्ठ्या टाकू. नाहीतर पुढच्या निवडणुकीपर्यंत..."

"पुढच्या निवडणुकीपर्यंत?" भावजय म्हणाली. तिच्या हातातली परात हलत होती, आणि लूम तर अजून सुरू झाले नव्हते. "दादा, रात्रीचं जेवण किती माणसांचं करू, ते मला आज सांगा."

तिची भिशी कारखान्यावर चालते, आणि वाईट महिन्यात कारखाना माझ्या बायकोच्या पगारावर चालतो. एवढ्या सभा आणि एवढे वाद झाले, त्यात हे एकदाही आलं नव्हतं.

बायको उठून बसली. केस बांधले. खिडकीतून खाली ओरडून म्हणाली, "चालू करो, भैया!" मग आमच्या दोघांच्या समोर खुर्ची ओढून बसली, भावजयीलाही शेजारी बसवलं. फळीवरच्या कपबश्या थरथरायला लागल्या होत्या. मी हळूच उठायला लागलो, तर ती म्हणाली, "कुठे निघालात? या घरात माणसं चार आहेत. तुमचं एक मत झालं, भावोजींचं एक झालं. आमची दोन अजून राहिलीत. शिट्टी ऐकल्याशिवाय हलायचं नाही, हे तुमचंच वाक्य ना? मग बसा खाली."