शिडीची ढिली पायरी

नमस्कार मंडळी. तुमचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा. बाबूजींनी धान पिकवून, रात्र-रात्र मचानीवर जागल करून मला शिकवलं. त्यांच्या त्या जागलीचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ही गोष्टही तिथलीच आहे... म्हणून लिहितोय.

आमचं गाव सालेकसा तालुक्यात, जंगलाला लागून. २०१६-१७ च्या सुमाराला रानडुकरांनी फार उच्छाद मांडला होता. धान निसवलं की कळप बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरायचा आणि खाण्यापेक्षा जास्त लोळवायचा. बाबूजींच्या सांगण्यावरून मी वनखात्याकडे अर्ज केला, डुकरं मारायची रीतसर परवानगी आली, आणि गोंदियाहून परवानाधारक शिकारी यायचं ठरलं — त्यांना दुबेजी म्हणू.

नेमका तेव्हाच बाबूजींना मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला. गोंदियाच्या दवाखान्यात ते बेशुद्ध पडून होते, अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप, आणि औषधांनी तो हलेना. डॉक्टरांनी ‘आजची रात्र बघू’ म्हटलं होतं. मला तिथून हलायचं नव्हतं. पण परवानगीची मुदत संपत होती, आणि ताई म्हणाली, “शुद्धीवर आले का पहिले धानाचंच विचारतीन. तू जाय. मी आहो इथं.”

दुबेजींच्या रायफलवर थर्मल दुर्बीण होती. अंधारात उजेड नाही, तर उष्णता दिसते तिच्यात... गरम ते पांढरं, थंड ते काळं. दिवेलागणीला आमच्या अंगणात गोळी न भरता त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. शेजारचे रेवारामकाका ओट्यावरून उठले, तर त्यांच्या बसल्या जागेवर पांढरा डाग!

“काका, आप उठ गए, पर आपकी बैठक अभी वहीं है,” दुबेजी म्हणाले.

“राहू द्या बसून. घरी जाऊन बी काय करन ते?” काका म्हणाले, आणि सगळे हसले. डाग हळूहळू विझला. दुबेजींनी समजावलं — माणूस दिसला नाही तरी त्याचा हात लागलेली जागा थोडा वेळ दिसते. भिंतीपलीकडचं मात्र दिसत नाही.

अंधार पडल्यावर दुबेजी, रेवारामकाका आणि मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जाऊन बसलो. गावात सगळ्यांना घरीच राहायला सांगितलं होतं. माय काकांच्या घरी काकूंजवळ थांबणार होती. खालच्या बांधीत धानाची सळसळ सुरू झाली. डुकरं आली होती. दुबेजींनी नेम धरला आणि कुजबुजले, “पीछे क्या है?”

“आमची मचान. तिच्या खाली कुडाची खोपडी, पावसात बसायला.”

“कोई है?”

“नाही. मचानीवर बाबूजीच बसतात, ते दवाखान्यात आहेत.”

“पक्का?”

“पक्का.”

मी कानात बोटं घातली. आवाज आलाच नाही. बघतो तर दुबेजींनी ट्रिगरवरून बोट काढलेलं. “मचान पे कोई बैठा था भाई. अभी-अभी उठा है.”

त्यांनी मला दुर्बिणीतून बघायला लावलं. मचानीच्या काळ्या फळीवर मधोमध पांढरा डाग... ओट्यावर काकांचा होता तसाच. मग शिडीच्या वरच्या पायरीवर एक डाग उमटला. मग खालच्या. माणूस नाही, जनावर नाही, फक्त लाकूड गरम होत होतं, वरून खाली, सावकाश.

“बीच का एक डंडा छोड़ दिया,” दुबेजी माझ्या कानाशी म्हणाले.

ती मधली पायरी ढिली होती. बाबूजी नेहमी ती सोडून उतरायचे. हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

शेवटचा डाग खोपडीच्या दाराच्या खांबावर उमटला आणि तिथंच थांबला. दुबेजींनी गोळी काढून घेतली. आम्ही बॅटरी लावून ओरडतच धावलो, डुकरं पळाली. काका ओरडले, “कोण आहे गा तिथं?”

खोपडीतून माय बाहेर आली.

मी तिचे खांदे धरले. “माय, तू कायले आलीस इथं!”

“तुह्या बाबूजीची जागल कधी चुकली नाही. मले मचानीवर चढता येते का, गुडघे हे असे. म्हटलं खालीच बसतो.” मग माझ्याकडे बघत म्हणाली, “तूच उतरला ना आत्ता? शिडी वाजली.”

खोपडी नेमाच्या सरळ रेषेत होती, आणि कुडाच्या भिंतीनं गोळी अडली नसती.

शेतात मोबाइलला रेंज नव्हती. सडकेवर आलो तर ताईचा फोन वाजला. ती रडत होती. “घाबरू नको. मघाशी बाबूजीचे हातपाय एकदम गार पडले होते. आम्ही तर आशाच सोडली होती... पण डोळे उघडले त्यायनं. ताप उतरला रे!”

माय तोंडाला पदर लावून शिडीच्या दिशेनं बघत राहिली.

मी खूप डोकं चालवलं. दिवसभराचं ऊन? मग सगळी शिडी पांढरी दिसायला हवी होती. माकड? ते स्वतःच दिसलं असतं. दुर्बिणीत बिघाड? दुबेजींनी ती नंतर तपासून घेतली, काही निघालं नाही. बाबूजींना विचारलं, तर म्हणाले, “मले काय मालूम? झोपून राहिलो होतो.” आजही रात्री शिडीचं लाकूड वाजलं की मला झोप लागत नाही.

बाबूजी आता थकले, मचानीवर चढत नाहीत. धानाच्या दिवसांत मी सुटी काढून जातो. मागच्या खेपेला ती ढिली पायरी तारेनं आवळायला घेतली, तर मायनं माझा हात धरला.

“राहू दे तशीच,” ती म्हणाली. “त्यायले सवय आहे.”