बोक्याची सुई

आमच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या दोन बाटल्या असतात. एक सासूबाईंची, एक बोक्याची. गोंधळ नको म्हणून बोक्याच्या बाटलीला मी लाल दोरा बांधलाय. पाहुणे पाणी घ्यायला फ्रिज उघडतात आणि विचारतात, हा दोरा कसला? मी सांगते. मग ते हसतात. मांजराला डायबेटिस? काय लाड आहेत बाई एकेकाचे! पूर्वी यावर मी काहीतरी बोलायचे. आता नुसतं फ्रिजचं दार लावते, जरा जोरात.

लाड म्हणे. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, रोज. सणवार नाही, रविवार नाही, अंगात ताप असला तरी सुटका नाही. आधी त्याने पोटभर खाल्लं पाहिजे, मगच सुई. उपाशीपोटी दिली तर साखर धाडकन खाली येते आणि जनावर हातचं जातं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं. मला म्हणजे मलाच. शेजारी नवराही उभा होता, पण तो भिंतीवरचं कुत्र्यांच्या जातींचं पोस्टर वाचत होता.

बोका आणला लेकीने. आम्ही करंजाड्याला राहायला आलो त्या वर्षी इमारतीखालच्या वाळूच्या ढिगात सापडला, तर ओढणीत गुंडाळून वर घेऊन आली. दोनच दिवस ठेवू, आई. ते दोन दिवस अजून चालू आहेत आणि लेक बंगळुरात नोकरी करतेय. व्हिडिओ कॉल करून बाळाला दाखव म्हणते. मग मला लेख पाठवते, आजारी जिवाची सेवा करणाऱ्यांनी स्वतःला कसं जपावं यावर. छंद जोपासा, दीर्घ श्वास घ्या. घेते ना. त्या श्वासात बोक्याच्या मातीच्या डब्याचा वास असतो. साखर झालेलं मांजर पाणी ढोसतं आणि तेवढंच मुततं, आणि तो डबा मीच उपसते.

नवरा तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त होऊन घरीच आहे. बोका त्याच्या पोटावर झोपतो, दोघं मिळून क्रिकेट बघतात. सात वाजले की नवरा तिथूनच आवाज देतो, "अगं, सात वाजले." घड्याळाकडे बघण्याचं काम तेवढं त्याने आपणहून अंगावर घेतलंय. सुई हातात घ्या म्हटलं तर म्हणतो, मला नाही बघवत ते. मला काय मोठी मौज वाटते की काय त्यात!

आणि सासूबाई. त्या स्वतःची सुई वर्षानुवर्षं स्वतः टोचून घेतात. चष्मा नाकावर, पोटाची चिमटी, टुचुक, झालं. बोलता बोलता उरकतात. पण बोका पायात आला की साडी उचलून पलीकडून जातात. देवाचं करायचं असतं, केस लागतात.

यंदा श्रावणात रोह्याच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती एकटी असते. आयुष्यात कधी काही मागितलं नाही त्या बाईने. एक रात्र येशील का गं सोबतीला, एवढंच विचारलं तिने. बोक्याला साखर निघाल्यापासून मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. घरात विषय काढला. नवरा म्हणाला, बोर्डिंगमध्ये ठेवू त्याला. फोन केला तर बोर्डिंगवाल्याने सुईवालं जनावर घेत नाही म्हणून सांगितलं. लेकीने रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं. सासूबाई वाती वळत होत्या, त्या वळतच राहिल्या. मी बहिणीला नाही म्हणून कळवलं. ती "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" काही केल्या कानातून जाईना.

त्याच आठवड्यातला सोमवार. श्रावणात आमच्या घरात मासळी बंद असते, पण बोक्याला कुठला श्रावण? दूध, भात, बिस्किटं त्याला बंद. म्हणून मी बाल्कनीत वेगळी शेगडी मांडून वेगळ्या पातेल्यात त्याच्यापुरती मांदेली उकडते. श्रावणात मासळी कोणासाठी, असं कोळणीने विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. "मांजराला साकर? आमी नाय आयकला कंदी," ती म्हणाली आणि मूठभर मांदेली वर घातली. घरच्यांनी तेवढंही केलेलं नाही.

त्या सकाळी मांदेलीचे काटे काढले, वाटी बोक्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर वाटी घासून, पुसून ओट्यावर पालथी घातलेली. मी बघतच राहिले. बोक्याची वाटी या घरात दुसऱ्या कोणी घासली होती! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, बहिणीचं ऐकून कोणाला तरी पाझर फुटला. बोका पायाशी घोटाळत म्याव म्याव करत होता, पण तो खाऊनही करतो. त्या आनंदात त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली.

तासा-दोन तासांनी तो सोफ्याखालून निघाला तो वाकडातिकडा. मागचे पाय जागेवर राहीनात. दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडला, डोळे उघडे, तोंडातून लाळ. मी डॉक्टरांना फोन लावला. काही गोड चोळा हिरड्यांना, मध असेल तर मध, आणि तसेच घेऊन निघा, ते म्हणाले. मध कुठे ठेवलाय हे आठवेना. मग देवघर दिसलं. सासूबाई पूजेला बसल्या होत्या, पिंडीसमोर पंचामृताच्या वाट्या मांडलेल्या. त्यांच्या खांद्यावरून हात घालून मी मधाची वाटी उचलली. त्या "अगं अगं" करेपर्यंत बोक्याचं तोंड उघडून मी बोटाने मध चोळत होते.

"आई, याने खाल्लं नव्हतं?" मी विचारलं.

नव्हतं. श्रावणी सोमवार, घरात मासळीचा वास, म्हणून त्यांनी वाटीतलं पिशवीत घालून खाली टाकून दिलं होतं. पूजा झाली की दूधभात घालणारच होते, म्हणाल्या. आपण उपास करतो, त्याला दोन तास थांबायला काय झालं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजले असते. पण सुई घेऊन जेवायला उशीर झाला की हातपाय कसे कापतात हे या बाईला स्वतःच्या अंगाने ठाऊक आहे. उपासाच्या दिवशीही आधी साबुदाणा समोर आल्याशिवाय त्या सुई घेत नाहीत.

जुन्या पनवेलात दवाखाना आहे. रिक्षात बोका माझ्या मांडीवर टॉवेलमध्ये, नवरा शेजारी. रस्ता खणलेला, रिक्षा इंचाइंचाने सरकतेय आणि नवरा मला विचारतोय, "तू बघितलं नव्हतंस का खाल्लं की नाही?" मी हिरड्यांना मध चोळत राहिले. मेला असता तर माझ्या हाताने मेला असता, हे मला त्याच्याआधी कळलं होतं.

वाचला. सलाईन लावलं, दुपारी मान उचलून त्याने डॉक्टरांवर फिस्स केलं. आज संध्याकाळची सुई देऊ नका, उद्या सकाळी आधी खाऊ दे आणि मग निम्मा डोस द्या, असं सांगून त्यांनी घरी सोडलं.

त्या संध्याकाळी सातला मला काही काम नव्हतं. सोफ्यावर बसले तर रडू यायला लागलं. नवरा जवळ येऊन बसला, पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "खरं सांगू का? गेला असता तर तूच सुटली असतीस."

मायेने म्हणाला, हेच मला सोसवलं नाही. मी त्याचा हात झटकला. म्हटलं, रोज तुमच्या पोटावर झोपतो ना तो? सुटायचा रस्ता काय, तर त्याने मरायचं. तुम्ही सुई हातात घ्यायची, हे तुमच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी काय काय बोलले ते शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असणार. जाऊ दे. सासूबाईंनी देवघरातला दिवा सारखा केला आणि खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोक्याने मांदेली खाल्ली. मी समोर उभी राहून एकेक घास बघितला. मग हात धुतले आणि बाल्कनीत खुर्चीवर जाऊन बसले.

"अगं, सात वाजले," नवऱ्याचा आवाज आला.

मी हलले नाही. तो आत आला, बाहेर गेला, पुन्हा आला. फ्रिज उघडला, लाल दोऱ्याची बाटली हातात घेऊन उभा राहिला. मला जमणार नाही गं, म्हणाला. मी रस्त्याकडे बघत होते. बोका त्याच्या पायाशी बसून पंजा चाटत होता.

तेवढ्यात सासूबाई आल्या. आंघोळ झालेली, पूजा अजून व्हायची होती. त्यांनी मुलाच्या हातातून बाटली काढून घेतली, मला किती म्हणून विचारलं, मी निम्मा म्हटलं. पदर खोचून त्या सावकाश खाली बसल्या, बोक्याला गुडघ्याशी ओढलं, चिमटी धरली, टुचुक. बोका पंजा चाटतच होता. त्याला कळलंसुद्धा नाही. मी देते तेव्हा तो ओरडतो.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तेच हात, तीच चिमटी, या घरात रोज, माझ्यापासून चार हातांवर.

"एवढे दिवस जमत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं?" त्या साडीवरचे केस वेचत म्हणाल्या. "तू कधी सांगितलंस का?"

"मला कोणी सांगितलं होतं, आई?"

त्या उरलेले केस वेचायला लागल्या. नवरा फ्रिजचं दार धरून उभा होता. मी तिथेच, दोघांच्या देखत, रोह्याला फोन लावला आणि बहिणीला म्हटलं, येतेय मी, एक नाही, चार दिवस राहते. तिला आधी खरंच वाटेना. मग तिने काळजीने विचारलं, बोक्याचं कोण बघणार गं?

म्हटलं, घरात माणसं आहेत.