मिटलेल्या डोळ्यांचा पाणबुड्या

"दम कोंडू नका, सायब. कोंडलेला दम वर येताना फुगतो."

हे म्हणताना ते आपला उजवा तळवा समोरच्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध ठेवीत. तळवा रुंद, खरखरीत आणि कोणत्याही ऋतूत गारच. पनवेलच्या ज्या तरणतलावावर मी सकाळच्या तुकडीत जातो, तिथले ते जीवरक्षक. त्यांच्या हाताखाली पोहायला शिकलेला माणूस एक वेळ पोहणे विसरेल. तो तळवा विसरणार नाही.

आम्ही त्यांना नाखवा म्हणत असू. त्यांना ते मान्य नव्हते. "नाखवा माजा बाप. त्याची होडी होती. मी नुसता बुड्या," असे ते दर वेळी सांगत आणि हाक मारली की ओ देत.

उरणकडच्या कोळीवाड्यात वाढलेला हा माणूस पंचवीस वर्षे बंदरात पाणबुड्या होता. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बुडाला गेलेली भेग शोधायची, असे ते काम. खाडीचे पाणी इतके गढूळ, की नाकासमोर धरलेला स्वतःचा हात दिसू नये. त्यामुळे पाण्यात शिरताच डोळे मिटून घेण्याची त्यांना सवय जडली होती. "उघडून काय चिखल बगायचा? हात बगतो ना सगला."

तलावावर आल्यावरही ती सवय सुटली नाही. तळाच्या फरशा मोजता याव्यात असे आमचे पाणी. तरी नाखव्यांनी बुडी मारली की डोळे बंद. आमच्या तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही बँकवाले म्हणतो. एकदा त्यांच्या स्कूटरची किल्ली पाण्यात पडली. नाखवा मिटल्या डोळ्यांनी खाली गेले आणि किल्ली, केसांचे दोन चाप व एक कर्णफूल घेऊन वर आले. कर्णफूल हरवल्याचे अजून कोणाला ठाऊकही नव्हते.

"नाखवा, इथे तरी डोळे उघडा की," बँकवाले म्हणाले.

"फरशी काय बगायची? घरी हाय."

पण एका सकाळी चहा पिताना ते सहज बोलून गेले, "सायब, पंचवीस वर्षं पान्याखाली काडली, पन पानी नाय बगितला." बोलले हसतच. तुकडीतल्या आम्हां चौघा मित्रांनी मात्र कप खाली ठेवले. त्याच आठवड्यात बँकवाल्यांनी पाच जणांची अंदमानची तिकिटे काढली. तलाव दुरुस्तीसाठी बंद राहतो तो भर पावसाळ्यात, आणि नाखव्यांना मोकळीक तेवढीच. माझी पत्नी म्हणाली, "आषाढात अंदमानला कोण जातं?" तिचा प्रश्न रास्त होता.

बेटावर तीन दिवस पाऊस धरून होता. धक्क्यावर लाल बावटा, समुद्र बंद. आम्ही खोलीत पत्ते कुटत बसलो. नाखवा किनाऱ्यावर डायव्हिंगवाल्यांच्या झोपडीत जाऊन बसत. उथळ पाण्यात नांगरलेल्या त्यांच्या बोटीखाली ते एकदा कमरेइतके उतरले, पंख्यावरून हात फिरवला आणि मालकाला म्हणाले, "आत तंगूस गेलाय. तेल गलंल." मासेमारीचा तो बारीक दोरा बाहेरून मुळीच दिसत नव्हता. मालकाने नाइलाजाने पंखा उतरवला, तर आतून मूठभर तंगूस निघाला. त्या दिवसापासून नाखव्यांना तिथे चहा फुकट आणि खुर्ची मानाची झाली.

चौथ्या दिवशी सकाळी बावटा उतरला. पाचव्या दिवशी आमचे परतीचे विमान होते. म्हणजे संधी एकच.

आता मला माझ्याविषयी लिहावे लागेल. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. तब्येतीच्या अर्जावर खोटे लिहिणाऱ्या कितीतरी कामगारांना मी घरी पाठवले आहे, आणि पाठवताना चार शब्द सुनावलेही आहेत. त्या सकाळी माझ्यासमोर तसाच अर्ज आला. पहिल्याच दिवशी भिजल्यापासून माझे नाक चोंदलेले होते. प्रशिक्षक एक तमिळ तरुणी होती. नाक चोंदलेले असेल तर खोल पाण्यात कानावर दाब येतो, म्हणून तिने स्पष्ट विचारले, "अंकल, सर्दी-जुकाम तो नहीं है?"

मी 'नाही' म्हणालो आणि अर्जावर तशी खूणही केली. चौघे पाण्यात आणि मी एकटा बोटीवर, एवढ्याच चित्राची मला लाज वाटली. याहून मोठे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

एका प्रशिक्षकाबरोबर दोघांनी उतरायचे होते. बँकवाल्यांनी नाखव्यांना आधीच आपल्या जोडीला धरले होते. ऐन वेळी नाखवा म्हणाले, "मी सायबांसंगं." मी तो माझा बहुमान समजलो.

बोटीवर त्यांनी आपला बेत सांगितला. तळ लागेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. "अंतरपाट धरलेला असताना नवरीचं तोंड बगतात काय? वाळूवर बसनार, मंग उगडनार."

"आणि नवरी पसंत नाही पडली तर?" बँकवाल्यांनी विचारले.

"आता काय करता? लगीन लागला."

आम्ही दोराला धरून उतरू लागलो. नाखव्यांनी एका हाताने माझे मनगट धरले होते. दोन पुरुष खोल गेलो नसू, तोच कानात कोणी दाभण फिरवावा तशी कळ आली. खाली निळाई उघडत चालली होती, पिवळ्या माशांचा एक थवा वळत होता. काचेआड नाखव्यांचे डोळे गच्च मिटलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होते. मी कळ सोसण्याचा प्रयत्न केला. मी खूण करायच्या आधीच त्यांच्या बोटांना माझे मनगट कळले असावे. त्यांनी डोळे न उघडता त्या तरुणीच्या दंडावर थोपटले आणि 'वर चला' म्हणून अंगठा वर केला. नियमाप्रमाणे आम्ही तिघेही, सावकाश, वर आलो.

ती त्यांना पुन्हा खाली नेणार होती. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ भरून आले आणि सगळ्यांना बोलावून बोट माघारी वळवावी लागली. दुपारी धक्क्यावर पुन्हा लाल बावटा चढला.

"कान दुखला तर वर यायचं. बरोबर केलं तुमी," नाखवा मला म्हणाले. त्यांनी रागावायला हवे होते. ती शाबासकी मला सर्दीपेक्षा जास्त दिवस पुरली.

गणपती झाले, तलाव सुरू झाला. मी रोज ठरवून जाई आणि रोज न बोलता परत येई. अखेर एका सकाळी ते काठावर बसून तरंगणाऱ्या दोराच्या गाठी आवळत होते, तेव्हा मी शेजारी बसलो.

"नाखवा, त्या दिवशी मला सर्दी होती. मी अर्जावर खोटं लिहिलं."

"ठावं हाय."

"कसं?"

"तीन राती तुमच्या बाजूच्या खाटंवर झोपलो ना. इंजान चालायचा तुमच्या नाकात."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक गाठ पूर्ण केली. "वाटला, तुमीच बोलाल. मोटा मानूस, चार लोकांत त्याला खोटा कसा पाडू? म्हनून तुमच्यासंगं उतरलो. हात धरून." मग दोर खाली ठेवून म्हणाले, "माजा पन चुकला. जीवरक्षकानं बोलायला पायजे होता."

म्हणजे, वाचकहो, बोट सुटण्याआधीच त्यांना ठाऊक होते, की आपली ही एकुलती एक बुडी बहुधा अर्ध्यातच संपणार. पाठीवर गार तळवा आला.

"बोललात ना आता? मंग सोडा तो दम."

त्या संध्याकाळी मी बेटावरच्या त्या बोटमालकाला फोन केला. सगळी हकिकत सांगितली, माझ्या अर्जासकट. त्याला तंगूस आठवत होता. "बोटीचं बूड हाताने वाचणारा माणूस मला हवाच आहे," तो म्हणाला, "समुद्र निवळला की पाठवा." दिवाळीनंतर नाखवा तिथे नोकरीला गेले. जाताना बँकवाल्यांनी त्यांना गॉगल भेट दिला. "पान्यात चालंल काय?" एवढेच त्यांनी विचारले.

त्यांच्या जागी आता शिट्टी वाजवणारे एक गृहस्थ आले आहेत. चांगले आहेत. पण पाठीला काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

गेल्या आठवड्यात त्या तमिळ तरुणीने एक व्हिडिओ पाठवला. तलावाच्या काठावर आम्ही चौघे एका फोनवर डोकी टेकवून उभे राहिलो. दोराला धरून नाखवा उतरत होते, डोळे मिटलेले. वाळूवर बसले. रुंद तळवा वाळूवर ठेवला, जणू तिलाही घाबरू नकोस म्हणून सांगत होते. बराच वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांनी डोळे उघडले. आधी वर पाहिले, मग उजवीकडे, डावीकडे, आणि शेवटी स्वतःचा हात चेहऱ्यासमोर धरून तो उलटा-सुलटा करून पाहत राहिले.

व्हिडिओच्या पाठोपाठ त्यांच्या आवाजातला एक निरोप आला होता. "सायब, खाली लय उजेड हाय."

"पुन्हा लावा," बँकवाले म्हणाले. पुन्हा लावण्यासाठी बोट उचलले, तेव्हा मला कळले, की इतका वेळ मी श्वास रोखून उभा होतो.